यंत्रनियंत्रक जोडल्यावर संगणक सुरू न होणे

सीएनसी राऊटर, लेझर कटर किंवा थ्रीडी प्रिंटर यांचा नियंत्रक-बोर्ड जोडलेला असताना संगणक सुरूच न होणे किंवा सुरू होता होता अडकणे, असा हा दोष. केबल काढली की संगणक बिनतक्रार चालू होतो, ही त्याची खूण. छोट्या वर्कशॉपांत अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याची, अगदी मदरबोर्ड बदलण्याचीही घाई होते. केबल काढून पाहिल्याशिवाय तसला खर्च करू नये.

उलटा वीजपुरवठा हे पहिले संशयित कारण. यूएसबीतून संगणकाने नियंत्रकाला ५ व्होल्ट पुरवायचे असतात. नियंत्रकाला स्वतःचा पुरवठा असेल आणि दोन्ही ५ व्होल्ट परस्परांपासून तोडलेले नसतील, तर बंद संगणकातही बाहेरून वीज शिरते. मदरबोर्ड मग पुरता बंदही होत नाही आणि त्याचे रीसेटही नीट होत नाही. पंखा क्षणभर फिरून थांबतो, पडदा काळाच राहतो. जीआरबीएल हे यंत्रनियंत्रणाचे फर्मवेअर चालवण्यासाठी सर्रास वापरला जाणारा अर्डुइनो उनो घ्या. गोल सॉकेटातून वीज दिल्यास त्यावरील मॉस्फेट यूएसबीची लाइन तोडतो. वीज थेट ५ व्होल्टच्या पिनेवर दिली तर हे संरक्षण मिळत नाही. मॅक३ किंवा लिनक्ससीएनसी या संगणकावरील नियंत्रण-प्रणालींसाठी २५ पिनांचा पॅरलल पोर्ट वापरतात, तिथेही ब्रेकआउट बोर्डाकडून अशीच वीज परत येऊ शकते.

तपासणी सोपी आहे. नियंत्रक चालू ठेवून यूएसबी केबल संगणकातून काढावी आणि तिच्या चपट्या कनेक्टरच्या दोन्ही कडांच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावावा. शून्याच्या आसपास आकडा हवा. ५ व्होल्टच्या जवळपास दिसला तर निदान झाले. नियंत्रक स्वतःच्या विजेवर चालत असेल तर केबलमधील ५ व्होल्टची तार तोडता येते, मात्र काही बोर्ड संगणक जोडल्याची खूण याच तारेवरून ओळखतात. एडीयूएम४१६० चिपवरचा यूएसबी आयसोलेटर हा अधिक खात्रीचा उपाय. त्याचा सेकंदाला १२ मेगाबिटांचा वेग जीआरबीएलच्या १,१५,२०० बॉडला पुरून उरतो. वीज जोडलेला यूएसबी हबही चालतो, पण स्वस्त हब स्वतःच उलटी वीज पाठवतात, म्हणून तोही मोजून घ्यावा.

अर्थिंगकडे होणारे दुर्लक्ष याहून गंभीर आहे. अर्थ नसलेल्या सॉकेटवर एसएमपीएसच्या फिल्टर-कपॅसिटरांमुळे धातूच्या चौकटीवर २३० व्होल्टांच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांपर्यंत दाब दिसू शकतो. केबल लावताना तो पोर्टावर येतो. प्रवाह अल्प असला तरी पोर्ट जळायला पुरतो.

मापे योग्य येऊनही दोष राहिला तर बायोसमधील बूटक्रम पाहावा. स्मूदीबोर्डासारखे नियंत्रक आपले एसडी कार्ड यूएसबी साठवण म्हणून दाखवतात आणि संगणक त्यातच प्रणाली शोधत बसतो. अंतर्गत डिस्क पहिली ठेवावी. यू-बूट हा बूटलोडर वापरणाऱ्या बीगलबोनसारख्या संगणक-बोर्डांवर सिरीयल कन्सोलला नियंत्रक जोडला असेल, तर जीआरबीएलचा स्वागतसंदेश कळ दाबल्यासारखा वाचला जाऊन बूट थांबतो; नियंत्रक दुसऱ्या सिरीयल पोर्टवर हलवावा.

संगणक सुरू होताना पॅरलल पोर्टाच्या पिनांची स्थिती भरवशाची नसते आणि तेवढ्यात स्पिंडल फिरू शकतो. म्हणून आधी संगणक, मग नियंत्रक आणि सर्वांत शेवटी मोटर व स्पिंडलची वीज चालू करावी. बंद करताना क्रम उलटा ठेवावा.