प्रतिबिंब-छायाचित्रण

पाणी, काच किंवा चकचकीत धातू यांत उमटलेले दृश्य टिपण्याची छायाचित्रण-पद्धत. प्रतिबिंब म्हणजे मूळ दृश्याची उलटी नक्कल, हा रूढ समज भूमितीच्या कसोटीवर टिकत नाही. कॅमेरा पृष्ठभागाच्या जितका वर असतो, तितकाच खाली ठेवला असता जे दृश्य दिसेल, ते संथ पाण्यात उमटते. म्हणून काठावरून नीट न दिसणारी पुलाच्या कमानीची खालची बाजू पाण्यात अधिक दिसते. उजेडही बदलतो. पाण्यावर लंब पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे 2 टक्केच भाग परावर्तित होतो. किरण तिरपे होत जातात तसे हे प्रमाण वाढते. त्यामुळे कॅमेरा पाण्यालगत आणल्यास प्रतिबिंब ठळक होते. फोकस मात्र पृष्ठभागावर नव्हे, प्रतिबिंबाच्या आभासी अंतरावर साधावा लागतो.

शहरात काच पारदर्शकही असते आणि आरसाही. छायाचित्रकार यूजीन आत्जे यांनी 1920 च्या दशकात पॅरिसमधील दुकानांच्या काचा टिपल्या. त्यांत आतील पुतळे आणि समोरच्या इमारती एकमेकांत मिसळतात. ही मिसळ दोष मानून ध्रुवक फिल्टरने काढावी, असा आक्षेप घेता येतो. काचेच्या लंबाशी सुमारे 56 अंशांच्या कोनात तो फिल्टर सर्वाधिक प्रभावी ठरतो, हे खरे. वस्तूची नोंद हवी असेल तेव्हा आक्षेप रास्तही आहे. परंतु रस्त्यावरच्या माणसाला दोन्ही दृश्ये एकदमच दिसतात. तो अनुभव नोंदवायचा असेल, तर प्रतिबिंब हा अडथळा नसून पुरावाच ठरतो.