मार्कीझाच्या दारातली गर्दी

युरोपच्या नकाशावर डॅन्यूब नदीचा निळा धागा धरून व्हिएन्नाहून पूर्वेकडे बोट सरकवले, तर लगेच ब्रातिस्लाव्हा हे शहर लागते. स्लोव्हाकिया या लहानशा देशाची ही राजधानी. ऑस्ट्रियाची सरहद्द शहराला इतकी खेटून, की कम्युनिस्ट राजवटीतही इथले लोक घरी बसून पलीकडचा दूरदर्शन कार्यक्रम बघत. माणसाला कुंपण घालता येते, हवेतल्या लहरींना ते कसे घालणार?

१९८९ साली ती राजवट कोसळली आणि १ जानेवारी १९९३ रोजी चेक व स्लोव्हाक ही दोन भावंडे भांडणतंटा न करता वेगळी झाली. पण नव्या घराचा कारभार व्लादिमीर मेचियार या करड्या पुढाऱ्याच्या हाती गेला. सरकारी दूरदर्शन त्याच्या ओंजळीने पाणी पिऊ लागले. राष्ट्राध्यक्ष मिहाल कोव्हाच आणि मेचियार यांचे वितुष्ट होतेच. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या मुलालाच कोणी पळवले आणि सरहद्दीपलीकडे ऑस्ट्रियातील हाइनबुर्ग गावी नेऊन सोडले! यावरून त्या दिवसांची कल्पना यावी.

योगायोग असा की, बरोबर एका वर्षाने, ३१ ऑगस्ट १९९६ रोजी, मार्कीझा ही खाजगी दूरदर्शन वाहिनी सुरू झाली. मार्कीझा म्हणजे उमरावाची पत्नी. पाव्होल रुस्को आणि सिल्व्हिया व्होल्झोव्हा हे तिचे संस्थापक. भांडवल अमेरिकन उद्योगपती रोनाल्ड लॉडर याच्या कंपनीचे. याच कंपनीने १९९४ साली शेजारच्या चेक देशात नोव्हा नावाची वाहिनी काढून यश मिळवले होते. मार्कीझाने करमणूक दिली, परदेशी चित्रपट दिले. पण मुख्य म्हणजे सरकारी वाहिनीपेक्षा निराळ्या बातम्या दिल्या. थोड्याच काळात घरोघरी तीच लागू लागली.

सप्टेंबर १९९८. निवडणूक तोंडावर आलेली. अशा वेळी वाहिनीच्या मालकीचा जुना वाद उकरून मारियान कोचनर या व्यापाऱ्याशी संबंधित कंपनीची माणसे शहराच्या कडेला झाहोर्स्का बिस्त्रित्सा येथील इमारतीत शिरली. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि माणसे वाहिनीच्या दारात जमली. एका दूरदर्शन केंद्रासाठी सामान्य प्रेक्षकाने घर सोडून रस्त्यावर यावे, असे जगात कितीदा घडले असेल? २५ आणि २६ सप्टेंबरला मतदान झाले; शेकडा ८४ लोकांनी मते दिली. मेचियारचा पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण त्याला सोबती मिळेना. विरोधकांनी एकत्र येऊन १५० पैकी ९३ जागांच्या बळावर मिकुलाश झुरिंदा याला पंतप्रधान केले.

कादंबरीकार असतो तर इथेच पूर्णविराम देतो, असे कुणी म्हणेल. मी कादंबरीकार आहे, तरी देत नाही. कारण इतिहास हा आमच्यासारख्यांपेक्षा कठोर लेखक आहे.

वाहिनीचा सूत्रधार रुस्को याने २००१ साली स्वतःचाच पक्ष काढला. नावाची आद्याक्षरे जुळवली की शब्द होई ‘आनो’, म्हणजे स्लोव्हाक भाषेत ‘होय’! वाहिनीच्या बातम्यांत या पक्षाची तरफदारी होते, असा आक्षेप उठला. २००२ च्या निवडणुकीत पक्षाला १५ जागा मिळाल्या, पुढच्या वर्षी रुस्को अर्थव्यवहार मंत्री झाला आणि २००५ साली पैशांच्या एका व्यवहारावरून त्याला मंत्रिमंडळातून जावे लागले. कुंपणच शेत खाऊ लागले, ते असे.

शेवटचा अंक न्यायालयात घडला. मार्कीझाने सुमारे ६.९ कोटी युरो देणे आहे, अशा वचनचिठ्ठ्या पुढे आल्या. त्या बनावट असल्याचे न्यायालयाला आढळले आणि २७ फेब्रुवारी २०२० रोजी दोन आरोपींना प्रत्येकी १९ वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ते दोघे कोण? एक कोचनर आणि दुसरा रुस्को! १९९८ साली दाराच्या आत-बाहेर उभे ठाकलेले दोघे एकाच पिंजऱ्यात आले.

मार्कीझाची मूळ कंपनी २०२० साली चेक देशातील एका उद्योगसमूहाने घेतली. पुढे मे २०२४ मध्ये मिहाल कोव्हाचिच या सूत्रसंचालकाने थेट कार्यक्रमातच वृत्तविभागावरील दबावाची गोष्ट प्रेक्षकांना सांगितली. तो कार्यक्रम बंद झाला. मालक बदलले, प्रश्न राहिला.

मग त्या सप्टेंबरात दारात उभे राहिलेले लोक फसले का? मला तसे वाटत नाही. ते रुस्कोसाठी आले नव्हते. दुसरी बाजू ऐकण्याच्या आपल्या हक्कासाठी आले होते. दिवा कोणाच्या मालकीचा हे त्यांनी पाहिले नाही, उजेड हवा एवढेच पाहिले. मात्र दिवा लागल्यावर तेल कोण घालतो आणि वात कोण सारतो, याकडेही घरच्यांनी लक्ष ठेवावे लागते. दिवाळीच्या पणत्या लावताना आपल्याला हे वेगळे सांगायला नकोच.