वाळलेली तंबाखू

यंदाच्या वैशाखात अर्धापूरचं आमचं जुनं घर उतरवलं. घर म्हणजे माळवद, दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती आणि दर पावसाळ्यात नव्या जागी गळणारं छत. उतरवणं गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. मधल्या खोलीतली देवळी फोडायच्या आधी मिस्त्रीनं आत हात घालून पाहिला, तर एक पत्र्याची गोल डबी निघाली. झाकणावरची इंग्रजी अक्षरं गंजानं खाल्लेली. नखानं उघडेना, शेवटी चमच्याची दांडी घालून उघडली. आत पाइपची तंबाखू होती. इतकी वाळलेली, की बोट लावलं की भुगा.

डबी आजोबांची, यात शंका नाही. ते 1971 साली गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी सांगतात. निजामाच्या राज्यात ते तहसिलीत कारकून होते आणि उर्दू मोत्यासारखं लिहायचे, ही एक. दुसरी म्हणजे त्यांच्या अंगाला येणारा वास. तंबाखूचा, गुळाचा, ओल्या फडक्याचा. चुलतभाऊ म्हणाला, "फेकून दे ना, काय करतोस." पण मला तो वास एकदा घ्यायचा होता. आजोबांचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही. वास तरी मिळतो का बघू, असं वाटलं.

तंबाखू पुन्हा ओलसर करायची कशी, हे शोधता शोधता मी भलतीकडेच जाऊन पोचलो. आधी विजापूरला.

अकबराचा एक माणूस, असद बेग, 1603-04च्या सुमारास आदिलशाही दरबारात गेला होता. तिथं त्यानं तंबाखू पाहिली. अशी वस्तू हिंदुस्थानात आपण कधी पाहिली नव्हती, असं त्यानंच लिहून ठेवलंय. परत जाताना बादशहासाठी त्यानं एक नळीच करवून घेतली. दांडी अचिनची, तीन हात लांब, दोन्ही टोकांना जडावाचं काम. तोंडात धरायला येमेनी अकीक, जळायला सोन्याची वाटी. आणि तंबाखू भरली कशात? तर आदिलशहानं भेट दिलेल्या पानाच्या बटव्यात! हे वाचून मला हसू आलं. आपली पानतंबाखूची चंची चारशे वर्षांपूर्वी थेट आग्र्याच्या दरबारात जाऊन आली म्हणायची. अकबरानं दोनचार झुरके घेतले, हकिमानं हरकत घेतली, वाद झाला. पुढे 1617मध्ये जहांगिरानं बंदी घातली. तिचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

(हुक्का हकीम अबुल फत गिलानी यानं शोधला असं सगळीकडे छापून येतं. हा हकीम 1589च्या सुमारास वारला. म्हणजे असद बेगची तंबाखू दरबारात यायच्या चौदापंधरा वर्षं आधी. तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या मानायच्या तर जरा अडचण आहे.)

असद बेग आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. त्याची तंबाखू अशी उत्तम, की एक पान पेटवलं की बाकीची आपोआप जळत राहायची. त्याला हे कौतुक वाटलं. मला मात्र वाटतं, ती चांगली वाळलेली असणार. कोरडी तंबाखू भराभर जळते, धूर गरम होतो, जीभ भाजते. हुक्क्यातलं पाणी किंवा चिलमीच्या बुडाला गुंडाळलेली ओली छापी धूर थंड करते, पण वर जळणाऱ्या तंबाखूचं काय? तिच्यासाठी आपल्याकडे गूळ आला. गूळ आणि तमाखू मिळून गुडाखू. तंबाखू कुटायची, त्यात गूळ किंवा काकवी, कुणी जास्त पिकलेली केळी घालायचे, कुणी मसाला, आणि मळून मुरवायचं. गोडी हा एक भाग झाला. खरं काम गुळाचं वेगळंच. तो हवेतला ओलावा ओढून धरतो. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो, तोच गुण. आज विलायती तंबाखूत ग्लिसरीन घालतात तेही याचसाठी. (छत्तीसगडकडे गुडाखू नावाची वस्तू अजून मिळते, पण ती लोक दाताला घासतात. नाव तेच, धंदा दुसरा.)

आणि केळी! अर्धापूरच्या माणसानं हे वाचून छाती फुगवावी की मान खाली घालावी कळेना. :)

आमच्या भागात हुक्का म्हटलं की बिदर आलंच. उदगीरहून बिदर किती लांब? सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येतं. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेली हुक्क्याची भांडी, त्यात चांदीची वेलबुट्टी आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं आणलेला तो काळाभोर रंग. जुनी भांडी गोल बुडाची, खाली कडं ठेवल्याशिवाय न टिकणारी. नंतर घंटेच्या आकाराची आली. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये ती काचेआड रांगेनं बसलीत. त्यांच्यासमोर उभं राहून मी वास घ्यायचा प्रयत्न केला होता, हे आता सांगून टाकतो. फिनेलचा आला.

1930 साली हैदराबादेत वझीर सुलतान टोबॅको कंपनी निघाली आणि चारमिनार सिगारेट घरोघर पोचली. सिगारेटला ना गूळ लागतो, ना मुरवणं, ना छापी. कारकून मंडळी तिकडे वळली. आजोबा वळले नाहीत. घरी चिलीम आणि सणासुदीला पाइप. पाइपची तंबाखू हैदराबादला काम निघालं की यायची, नांदेडहून रेल्वेनं. असं काम वर्षा-दोन वर्षांतून एकदा. म्हणजे एक डबी दोन उन्हाळे काढणार. नांदेडचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. झाकण कितीही घट्ट असो, तंबाखू वाळणारच.

मग ते काय करायचे? हे मला आत्यानं सांगितलं. तिला वाटलं मी सहज विचारतोय.

अर्धापूर केळीचं तसं पानमळ्यांचंही गाव. नागवेलीचं पान खुडल्यावर करंडीत ओल्या फडक्यात ठेवतात, रोज फेरतात, डागी पान बाजूला काढतात. पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली, हे कोडं आमच्याकडे कोडं नव्हतंच, रोजचं काम होतं. आजोबांनी तीच रीत उचलली. तंबाखू पितळी परातीत पसरायची. वरून ओलं करून घट्ट पिळलेलं धोतराचं फडकं ताणून बांधायचं, तंबाखूला टेकता कामा नये. परात रात्रभर माठांच्या घडवंचीखाली. सकाळी बोटांनी वरखाली करायची. चिमूट दाबून सोडली की ती हळूच उमलली पाहिजे. तशीच लगदा राहिली तर पाणी जास्त, बुरशी धरणार. कुरकुरली तर अजून एक रात्र. थेट पाणी शिंपडायचं नाही. लोक सफरचंदाची नाहीतर बटाट्याची फोड डबीत टाकतात, ती तर नकोच, तीच आधी सडते.

मी हुबेहूब तसं केलं. माठ नव्हता, कूलरसमोर नको म्हणून मोरीत परात ठेवली. पहिल्या रात्री फरक नाही. दुसऱ्या रात्रीनंतर चिमूट उमलली! पन्नासाहून जास्त वर्षांची तंबाखू बोटात मऊ लागत होती. वास मात्र... वाळलेल्या गवताचा, जुन्या लाकडाचा. ओलावा परत आणता येतो, उडून गेलेला सुगंध येत नाही, हे मी वाचलं होतंच. तरी वाटलं, वाटीभर घेऊन आत्याकडे जावं. तिला ओळखू येईल.

आत्या त्र्याहत्तर वर्षांची आहे. वाटी नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली.

"कामून भिजवलास रे हे?"

मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, दादांना घशाचा कॅन्सर झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची. आवाज गेला होता. दूधसुद्धा उतरायचं नाही. देवळीकडे बोट करायचे. "आई द्यायची नाही. मग रात्री मीच परात लावायची, फडकं बांधायची. सकाळी मूठभर हातावर घेऊन त्यांच्या नाकाशी धरायची. ओढायचं तर शक्य नव्हतं. नुसता वास घ्यायचे, डोळे मिटून." ती गोष्ट तिनं आजीला सांगितली नव्हती, माझ्या वडिलांनाही नाही. ते गेले त्या सकाळी परात भरलेली होती. तिनंच ती तंबाखू डबीत ओतली, झाकण लावलं आणि देवळीच्या आतल्या कोपऱ्यात सरकवून दिली.

म्हणजे माझ्या आधी ती शेवटची भिजवली होती तिनं.

"असा वास नव्हता तेव्हा," ती म्हणाली. "गुळासारखा होता. मला अजून गुऱ्हाळाजवळून जाववत नाही."

(हे लिहू का, असं मी तिला विचारलं. लिही म्हणाली, आता कोण रागवणारंय. तेव्हा घरच्यांनी कृपा करून तिला फोन करून खोदून खोदून विचारू नये.)

वाटी तिनं ठेवून घेतली. मी घरी आलो, परातीत उरलेली तशीच होती. त्या रात्री फडकं ओलं केलं नाही. सकाळी दहाला बघितलं तर पुन्हा कुरकुरीत.