महाराष्ट्रानं मत दिलं म्हणजे कोणी दिलं? २००७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक

मागच्या वेळी आपण ठरवलं होतं की एकदा राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीबद्दल बोलू, आणि तेही महाराष्ट्राच्या बाजूनं. तेव्हा आज २००७ सालच्या निवडणुकीपासून सुरुवात करू.

१९ जुलै २००७, गुरुवार. मुंबईत विधान भवनात आमदार मतदानाला येत होते. आमदारांची मतपत्रिका गुलाबी असते आणि खासदारांची हिरवी. उमेदवार दोन. एक प्रतिभाताई पाटील, जळगाव जिल्ह्यातल्या. १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाल्या, पुढे मंत्री, विरोधी पक्षनेत्या, खासदार आणि शेवटी राजस्थानच्या राज्यपाल. दुसरे भैरोसिंह शेखावत, राजस्थानचे माजी मुख्यमंत्री आणि त्या वेळचे उपराष्ट्रपती. प्रतिभाताईंचे यजमानही शेखावतच. म्हणजे राजस्थानच्या राज्यपालबाई विरुद्ध राजस्थानचे माजी मुख्यमंत्री, आणि दोन्हीकडे शेखावत! पण महाराष्ट्रात लोकांच्या तोंडी एकच गोष्ट होती: मराठी राष्ट्रपती.

शिवसेना तेव्हा भाजपबरोबर युतीत होती आणि शेखावत हे त्या आघाडीच्या पाठिंब्याचे उमेदवार. तरीही बाळासाहेब ठाकरे यांनी जूनमध्ये पाठिंबा जाहीर केला तो प्रतिभाताईंना, मराठी म्हणून. निकाल लागला २१ जुलैला. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ इतक्या मूल्याची मतं. तेव्हापासून आपल्याकडे एक वाक्य सर्रास बोललं जातं: महाराष्ट्रानं मराठी माणसाला मत दिलं. हे वाक्य जरा उलगडून बघू. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे सरळ वाक्यावर शंका घ्यायची खोड काही जात नाही.

पहिली शंका 'महाराष्ट्रानं' या शब्दाबद्दल. तुम्ही-आम्ही या निवडणुकीत मत देत नाही. आपल्या वतीनं आमदार आणि खासदार देतात. आमदाराच्या मताला मूल्य असतं. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येनं भागायचं, मग हजारानं भागायचं. महाराष्ट्रात हे उत्तर येतं १७५. आमदार २८८, म्हणजे राज्याचं एकूण वजन ५०,४००.

आता गंमत अशी की ही लोकसंख्या धरली आहे १९७१ सालची, पाच कोटी चार लाख. आत्ता इथे मनवेलपाड्यात बसलेल्यांपैकी १९७१ साली विरारमध्ये कोण होतं? हात वर करा बघू. तीन. चौथा हात आमचा नाही, आम्हीही नंतरच आलो. वसई-विरारची वस्ती २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर गेली आणि यातली बहुतेक माणसं त्या गणनेनंतर आलेली. दादर-परळच्या चाळीतून आलेले मराठी, कोकणातले, उत्तर प्रदेश-बिहारचे, गुजरातचे. राष्ट्रपती निवडताना आमदाराच्या मताचं मूल्य काढतात त्या हिशेबात आपण कुणीच नाही.

हे चुकून झालेलं नाही. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून घटनादुरुस्तीनं १९७१ चा आकडा गोठवला. हेतू चांगलाच होता. पण २०११ चा आकडा घालून बघा. तमिळनाडूच्या आमदाराचं मूल्य १७६ वरून ३०८ होईल आणि आपल्याकडे १७५ वरून ३९०. आमच्या मते या वाढीतला मोठा वाटा बाहेरून पोटासाठी आलेल्यांचा आहे. नुसत्या जन्मदरानं ती समजत नाही. तो दोष कोणाचा म्हणायचा, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही. असो.

दुसरी शंका 'मराठी माणसाला' यावर. २००४ च्या विधानसभेत राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९, शिवसेना ६२, भाजप ५४ असे आमदार निवडून आले होते. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आमदारांनी प्रतिभाताईंना मत दिलं ते पक्षाच्या उमेदवार म्हणून. त्या केरळच्या असत्या तरी दिलं असतं. भाजपचे आमदारही मराठीच, तुमच्या-आमच्यासारखेच, त्यांचा पक्ष शेखावतांच्या मागे उभा राहिला. म्हणजे उमेदवाराच्या मराठीपणामुळे भूमिका बदलली ती एकाच पक्षाची. आपल्या न्यायदर्शनात कारण आणि अन्यथासिद्ध असा भेद करतात. घडा बनतो तेव्हा माती वाहून आणणारं गाढवही तिथे असतं, पण ते घड्याचं कारण नव्हे. काँग्रेसच्या मतांच्या बाबतीत उमेदवाराचं मराठीपण हे असं गाढव होतं. (हशा) उमेदवाराला नाही हो म्हणत आम्ही, मुद्द्याला म्हणतोय.

शिवसेनेचं वजन किती? ६२ गुणिले १७५ म्हणजे १०,८५०. लोकसभेतले बारा खासदार, प्रत्येकी ७०८, म्हणजे ८,४९६. मधल्या काळात काहीजण पक्ष सोडून गेले होते, तरी ढोबळ हिशेब एकोणीस हजारांचा. प्रतिभाताई जिंकल्या तीन लाखांहून जास्त फरकानं. ही मतं तिकडे गेली असती तरी निकाल तोच लागला असता.

आता थोडं मागे जाऊ, कारण खरी परीक्षा आमच्या मते १९६९ साली झाली होती आणि ती आपण विसरलो. डॉ. झाकिर हुसेन मे महिन्यात गेले. ऑगस्टमध्ये निवडणूक. नीलम संजीव रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार, वराहगिरी वेंकट गिरी अपक्ष, आणि इंदिराबाईंनी अंतरात्म्याचा आवाज ऐकायला सांगितलेला. हे सगळ्यांना पाठ आहे. तिसरं नाव होतं चिंतामणराव देशमुखांचं. महाडजवळच्या नात्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्याचे खासदार. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून नेहरूंच्या मंत्रिमंडळातून अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे. मराठीपणासाठी सत्ता सोडलेला असा उमेदवार पुन्हा उभा राहिला नाही.

आणि महाराष्ट्राची विधानसभा कशी होती? २७० पैकी २०३ काँग्रेसचे. देशमुखांना उभं केलं होतं स्वतंत्र पक्ष आणि जनसंघानं. जनसंघाचे इथे आमदार चार, स्वतंत्र पक्षाचा एकही नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेले कम्युनिस्ट गिरींच्या बाजूला, कारण देशमुखांमागे उभे होते ते पक्ष त्यांना चालण्यासारखे नव्हते. शिवसेना तीन वर्षांची झाली होती, पण विधानसभेत तिचा एकही माणूस नव्हता. तिचा पहिला आमदार आला १९७० साली. देशभरातून देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. ज्या राज्यासाठी त्यांनी खुर्ची सोडली, त्या राज्याच्या सभागृहात त्यांच्यामागे उभा राहील असा गटच नव्हता.

गिरींनाही पहिल्या पसंतीत कोटा गाठता आला नाही. ४,०१,५१५ मतं, रेड्डींना ३,१३,५४८. मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजली. देशमुखांच्या मतदारांनी बहुतेक दुसरी पसंती रेड्डींना दिली होती. अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास असलेला फरक उतरला १४,६५० वर. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसरी पसंती मोजायची वेळ तेवढी एकदाच आली.

मग २००७ चं मराठीपण खोटं होतं का? तसं आम्ही म्हणणार नाही. लोकांना आनंद झाला होता, आमच्या घरीही झाला होता. पण २०१२ साली शिवसेनेनं पुन्हा युतीबाहेर जाऊन काँग्रेसच्या उमेदवाराला, प्रणव मुखर्जींना, पाठिंबा दिला. ते काही मराठी नव्हते. तेव्हा मित्रपक्षाला आपलं वेगळेपण दाखवून देणं हेही कारण २००७ मध्ये असणार. एका कृतीला दोन खरी कारणं असू शकतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र एकच मावतं.

चिठ्ठी आली आहे: "त्या वेळी आमदार फुटले का, आणि कोण?" या निवडणुकीत पक्षाचा व्हिप चालत नाही, मतदान गुप्त असतं आणि मतपत्रिकेवर मतदाराचं नाव नसतं. पेट्या दिल्लीला जातात, मोजणी होते, निकालात राज्यासमोर आकडा येतो. अमुक मत अमक्या आमदाराचं, हे त्या कागदावर कुठेच नसतं. म्हणून नाव सांगणाऱ्याला आपण एवढंच विचारायचं, तुम्हाला कसं कळलं?