थाप आणि घाट

विज्ञानकथा म्हणजे विलायती थापा, असं आमच्या लोणावळ्याच्या कट्ट्याचं एकमुखी मत. मी म्हणतो, अहो, 1863 साली ज्यूल व्हर्नची पहिली सफर छापून निघाली, त्याच साली मुंबईची गाडी भोर घाट चढून इथं आली! 1915 साली टाटांनी इथलं पाणी खोपोलीला सोडून मुंबईच्या गिरण्या फिरवल्या. हे आधी कुणी गोष्टीत लिहिलं असतं, तर मावळानं त्याला वेड्यातच काढलं असतं. 1974 साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली, ती टोपणनावानं आणि पत्नीच्या अक्षरात. बक्षीस नावाला नको, गोष्टीला हवं! ते पहिलं मिळालं. तात्पर्य, थाप पटली की विज्ञानकथा होते. घाट चढून आली की आगगाडी.