गळाची हौशी मासेमारी (सातारा–सांगली)

गळाची हौशी मासेमारी : विक्रीसाठी नव्हे, तर विरंगुळा आणि कौशल्य म्हणून गोड्या पाण्यात गळ टाकून मासे पकडण्याचा छंद. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तो कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, वारणा, येरळा या नद्यांच्या डोहांत, त्यांवरील धरणांच्या फुगवट्यात आणि दुष्काळी पट्ट्यातील जुन्या तलावांवर चालतो. युरोप-अमेरिकेत हौशी मासेमारांसाठी ट्राउट किंवा बास हे मासे मुद्दाम पाण्यात सोडले जातात आणि परवाना काढून ते पकडले जातात. या दोन जिल्ह्यांत अशी सोय नाही. इथल्या जलाशयात सोडलेला मासा मच्छीमार संस्थेच्या पोटापाण्याचा असतो, आणि गळाची खरी कसोटी पाहणारा मासा कोणीही न सोडलेला, नदीचा मूळ रहिवासी असतो. इथे गळ टाकणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

ट्राउट इथे का नाही : ट्राउटला बारमाही थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, साधारण १० ते १८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो सुखाने वाढतो. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून त्याची सुरुवात झाली. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो रुजला, पण तेथील ओढे २,००० मीटरच्या आसपास वा त्याहून उंचावर आहेत. महाबळेश्वर सुमारे १,३७२ मीटरवर आहे. पावसाळ्यात तिथे धो धो पाणी असले तरी उन्हाळ्यात ओढे आटतात आणि उरलेले पाणी तापते. अमेरिकी बास महाराष्ट्राच्या जलाशयांत नाही आणि तो आणूही नये. भक्षक परदेशी मासा मोकळ्या नदीत गेला की परत काढता येत नाही.

सोडलेले मासे : कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज दरवर्षी पावसाळ्यात आणि त्यानंतर जलाशयांत सोडले जाते. हे तिन्ही मासेही मुळात उत्तरेकडच्या, विशेषतः गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून बीज पुन्हा पुन्हा सोडावे लागते. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन या माशांचे प्रजनन घडवले, आणि तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबित्व कमी होत गेले. सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हेही बाहेरून आलेले. १९५२ मध्ये भारतात आलेली तिलापिया, म्हणजे लोकांच्या तोंडची चिलापी, आता जवळजवळ प्रत्येक तलावात आहे.

कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस या कार्प कुळातल्या माशांना गळ लावण्याचे तंत्र त्यांच्या तोंडाच्या ठेवणीवरून ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरात चरतो. त्याच्यासाठी बोया लावून आमिष पाण्याच्या वरच्या अंगाला झुलते ठेवतात. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ आणि सायप्रिनस तळ उकरतात, त्यांना शिसे लावून तळाशी बसवलेला गळ लागतो. आमिष म्हणजे शेंगदाण्याची पेंड, कणीक, शिजवलेला भात, यांचे ज्याच्या त्याच्या अनुभवाचे मिश्रण. गळ टाकण्याआधी त्याच जागी थोडी पेंड विरघळू दिली की मासे जमतात. कार्प आमिष ओढत नाही, चोखतो. बोया नुसता थरथरतो, कधी आडवा पडतो, आणि तेवढ्या क्षणात झटका द्यावा लागतो. अधीर माणसाला कटला मिळत नाही.

मरळ : बासची जागा इथे कोणी भरत असेल तर ती मरळ. गवत, पाणवनस्पती आणि बुडालेल्या झुडपांच्या आडोशाला ती दबा धरते आणि वरून जाणाऱ्या बेडकावर किंवा छोट्या माशावर झेप घेते. हवेतला प्राणवायू घेण्यासाठी तिला अधूनमधून वर यावे लागते. ते बुडबुडे आणि तो हलका खळबळाट ओळखता आला की निम्मे काम झाले. पूर्वी बांबूच्या काठीला तंगूस बांधून जिवंत बेडूक लावत. आता रॉड, रीळ आणि रबरी बेडूक वापरला जातो, आणि तो पाणवनस्पतीवरून उडवत आणला की मरळ वरच येऊन धरते. झटका मात्र लगेच द्यायचा नाही. तिला आमिष तोंडात नीट घेऊ द्यायचे.

मरळ पिल्लांची राखण करते. नारिंगी-लाल पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी घोंगावताना दिसला की आई-बाप खालीच असतात आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. अशा वेळी मरळ पकडणे सोपे असते, आणि नेमक्या त्याच वेळी ती पकडू नये. राखणदार गेला की पूर्ण थवा काही तासांत इतर माशांच्या पोटात जातो.

महसीर : खडकाळ, वाहत्या पाण्यातला हा मासा ट्राउटच्या चाहत्यालाही नमवेल असा आहे. दख्खनी महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून केले. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील नद्या हे त्याचे मूळ घर. जबड्यात दात नाहीत. घशातल्या दातांनी तो शिंपले आणि फळे चिरडतो. त्याला कणकेचा गोळा किंवा चकाकता धातूचा चमचा लावतात. गळ लागला की तो प्रवाहात असा धावतो की रीळ रिकामे होते. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीराचे कृत्रिम प्रजनन केले आणि तेथील बीज अनेक राज्यांत गेले. त्यातून एक धडाही मिळाला : कावेरीत सोडलेला दख्खनी महसीर तेथील मूळ कुबडधारी महसीराच्या मुळावर उठला. माशाला वाचवायचे तर त्याच्या स्वतःच्या नदीत.

दख्खनी महसीर आज निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत संकटग्रस्त गटात नाही. तरीही महसीर सापडला तर सोडूनच द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. काटा नसलेला गळ वापरावा, हात आधी ओले करावेत, मासा पाण्यातच धरून गळ काढावा आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघेपर्यंत आधार द्यावा.

रात्रीचे मासे : वाम दगडांच्या कपारीत असते आणि गांडुळावर येते. शिवडा हा रुंद जबड्याचा मोठा शिकारी. त्याला छोटा मासा लावतात. त्याची संख्या भारतभर घटली आहे. शिंगटीच्या काट्याची टोच बराच वेळ ठणकते, तिला फडक्यानेच धरावे.

पाणी कोणाचे : जलाशयातील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाच्या व्यवस्थेत बहुधा सहकारी मच्छीमार संस्थेकडे असतो, भोई आणि कोळी समाजाची अनेक घरे त्यावर उभी आहेत. हौशी माणसाने गळ टाकण्यापूर्वी संस्थेला विचारणे, मागतील ते शुल्क देणे आणि मोठा मासा त्यांच्याकडूनच विकत घेणे ही साधी रीत आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत; त्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकता येत नाही. बामणोली, तापोळ्याकडे सहलीला जाणाऱ्यांनी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या कोणत्या काठाला हे संरक्षित जंगल सुरू होते ते आधी स्थानिकांना विचारावे. सुरुंग लावून वा विष टाकून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा आहे, आणि तरीही डोहांत तो घडतो. एका सुरुंगाने डोहातली सगळी पिढी जाते. मोठ्यांबरोबर बोटाएवढी पिल्लेही.

हंगाम : जून-जुलैत पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालायला ओढ्यांत आणि शेतांत चढतात. हे चढणीचे मासे खाण्याची गावोगावी हौस आहे, पण प्रत्येक मादीच्या पोटात पुढच्या वर्षीची नदी असते. गळासाठी चांगला काळ म्हणजे गढूळपणा ओसरल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि मग होळीनंतर पाणी तापू लागते तेव्हा. राजेवाडी, मायणी यांसारखे माणदेश-खटावचे तलाव त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असतात. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाखाली नदीची पातळी ऋतूपेक्षा कोयनेच्या विसर्गावर ठरते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांसाठी पाणी सोडले की काठावरची वाळू काही तासांत बुडते आणि आदल्या दिवशीची जागा निरुपयोगी होते. सांगलीजवळ तर नदीचा मोठा शत्रू प्रदूषण आहे : अलीकडच्या वर्षांत अंकली परिसरात मेलेल्या माशांचा खच एकाहून अधिक वेळा पडला आहे.

सुरक्षितता : सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्लेही केले आहेत. इथे गुडघाभर पाण्यात उभे राहून गळ टाकू नये, मासे पाण्याकाठी साफ करू नयेत, पकडलेले मासे दोरीला ओवून पाण्यात टांगू नयेत. हिवाळ्यात मगर उन्हासाठी वाळूवर येते आणि अंडी घातल्यावर मादी काठ सोडत नाही. काठावर ओढत गेल्याच्या ताज्या खुणा दिसल्या तर ती जागा त्या दिवसापुरती तिची समजून पुढे जावे.