बंद गाडी, चालू स्विच

रात्रीची वेळ. गाडी गॅरेजमध्ये, किल्ली खिशात, इंजिन थंड. आणि अचानक गाडी पेट घेते! अमेरिकेत फोर्डच्या अनेक मालकांच्या बाबतीत हे खरंच घडलं. काहींची घरंही जळाली.

कारण होतं क्रूझ कंट्रोलचा एक चिमुकला स्विच. स्टिअरिंगवरचं बटण नव्हे हं! हा बॉनेटखाली, ब्रेकच्या हायड्रॉलिक यंत्रणेवर बसवलेला. ब्रेक जोरात दाबला की तेलाचा दाब वाढतो आणि हा क्रूझ कंट्रोलचा करंट तोडतो. पेडलजवळच्या स्विचने दगा दिलाच, तर हा बॅकअप.

आत एका बाजूला ब्रेक ऑइल, दुसऱ्या बाजूला विजेचे कॉन्टॅक्ट, मधे कॅप्टॉनचा पातळ पडदा. वर्षानुवर्षं वाकून वाकून पडद्याला चिरा जायच्या, तेल झिरपायचं, कॉन्टॅक्ट गंजायचे, तापायचे. त्यात किल्ली काढली तरी स्विचला बॅटरीचा करंट चालूच!

गंमत म्हणजे हाच स्विच सगळ्या मॉडेल्समध्ये सारखा वागला नाही. तो कुठे, कोणत्या कोनात बसवलाय, त्या गाडीच्या ब्रेकमध्ये व्हॅक्यूम किती तयार होतो, त्याला किती करंट मिळतो, यावर धोका ठरायचा.

1999 पासून 2009 पर्यंत रिकॉल चालले. एकूण सुमारे 1 कोटी 40 लाख गाड्या! आणि उपाय काय? वायरमध्ये एक फ्यूज.

आपणही सिस्टिममध्ये बिनधास्त बॅकअप जोडतो. पण तो बॅकअपच बिघडला तर काय होईल, हे कोण तपासतं?